काटा खाली कसा आणला

३ एप्रिल

गाडी घरी आणली. कालपर्यंत साडूची होती, आजपासून माझी. साडू म्हणजे हिच्या धाकट्या बहिणीचा नवरा. हसताना सगळे दात दाखवतो आणि गाडी विकताना एकही दोष दाखवत नाही. किल्ली हातावर ठेवताना म्हणाला, दादा, बाकी काही बघू नका, तापमानाचा तो छोटा काटा मध्यावर राहतोय ना एवढं बघा, मध्यावर असला की निर्धास्त. मी मान हलवली. जो माणूस एकाच जागी बघायला सांगतो, त्यानं तिथंच काहीतरी पुरलेलं असतं.

आजपासून रोजनिशी. डॉक्टर म्हणाला, राग आला की बोलू नका, लिहून काढा. मला राग येत नाही. तरी लिहीन, वही आणलीच आहे.

४ एप्रिल, सकाळी

काट्याचा अभ्यास केला. स्टिअरिंगच्या मागं, उजव्या कोपऱ्यात नखाएवढी तबकडी. खाली सी, वर एच. सी म्हणजे थंड, एच म्हणजे गरम; एवढं इंग्रजी मला येतं. गाडी सुरू केली तेव्हा काटा सी वर, शहाण्या मुलासारखा हाताची घडी घालून. मंडईपर्यंत पोचेस्तोवर उठला आणि बरोबर मध्यावर जाऊन बसला. तिथून हलेना.

म्हणजे निम्मा ताप. आणि साडूच्या मते हेच नॉर्मल. उद्या एखाद्याला निम्मा टायफॉइड झाला तर त्यालाही हा निर्धास्त म्हणणार. परीक्षेत निम्मे मार्क मिळवणाऱ्याला लोक हुशार म्हणत नाहीत. (साडूला म्हणायचे. पण तो विषय वेगळा.)

संकल्प: काटा सी वर आणायचा आणि तिथंच ठेवायचा. दुसऱ्याच्या हातात बिघडलेली वस्तू आपल्या हातात सुधारते, हा अनुभव आहे.

६ एप्रिल

हिची निवड झाली. इतकी वर्षं इथल्या हॉस्पिटलात स्टाफ नर्स, आता घाटापलीकडच्या गावात मेट्रन. मोठं हॉस्पिटल, राहायला क्वार्टर. ११ मेला दुपारी बाराच्या आत रुजू व्हायचं, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या बाईला. मी अभिनंदन केलं. मग विचारलं, घराचं काय. ही म्हणाली, घराला चाकं नाहीत, ते इथंच राहील, तुम्ही पण चला, तुम्हाला मुदतीआधी रिटायर होता येतंय. मी म्हटलं, आणि माझी नोकरी? ती म्हणाली, तुमच्या नोकरीचं काय एवढं.

इथून पुढं चर्चा झाली. बरीच झाली. शेजाऱ्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. मी पूर्ण वेळ शांत होतो, फक्त आवाज मोठा होता.

शेवटी तोडगा मीच काढला. सोमवारी पहाटे मी तिला गाडीनं सोडणार, शनिवारी आणणार. घाट काय, दोन तासांचा खेळ. ही म्हणाली, दर आठवड्याला? मी म्हटलं, गाडी कशाला घेतलीय? खरं म्हणजे गाडी कशाला घेतली हे मलाही तोवर ठरवता आलं नव्हतं. आता ठरलं.

७ एप्रिल

नाश्त्याआधी हिनं माझं बीपी घेतलं. रोजच घेते. तिचं ते जुनं यंत्र: काळा पट्टा, रबरी नळी, हातात दाबायचा फुगा आणि गोल तबकडीत काटा. आज म्हणाली, वर आहे, कालचं अजून उतरलं नाही वाटतं. मी म्हटलं, यंत्र जुनं झालंय. ती म्हणाली, यंत्र नाही झालं.

घरात दोन काटे झाले. दोन्ही वर. दोन्ही दुसऱ्यांनी आणलेले.

९ एप्रिल

ऑफिसात आनंद. नोंद करून ठेवतो, कारण ही नेहमी विचारते की मी तिथं करतो काय. आमची कंपनी पंख्यांची. माझ्याकडं तक्रार विभाग. मी आलो तेव्हा दिवसभर फोन: पंखा करकरतो, पंखा डुलतो, पंखा उलटा फिरतो. मागच्या महिन्यात मी तो फोन माझ्या टेबलावरून उचलून मागच्या स्टोअररूममध्ये नेऊन ठेवला आणि दाराला कडी घातली. या महिन्यात तक्रारी जवळजवळ शून्य. तक्त्यावरची रेघ उताराला लागलेली बघून साहेब म्हणाले, काय जादू केली? मी म्हटलं, व्यवस्थापन.

माणसाला ऐकू येणं बंद झालं की निम्म्या तक्रारी आपोआप मिटतात. उरलेल्या निम्म्या तक्रार करणारा मिटवतो.

११ एप्रिल

संताप. (डॉक्टरचा शब्द. माझ्या मते खंबीर नापसंती.)

मोठ्या सिग्नलला अडकलो. पुढं एक ट्रक बंद पडलेला, मागं सगळे हॉर्न दाबून उभे, जणू हॉर्ननं ट्रक उडतो. इतक्यात काटा मध्यावरून निघाला. निवांत, फिरायला निघाल्यासारखा. मी त्याच्याकडं बघतोय, तो वर वर जातोय. मी बोटानं काच ठोकली. आणखी वर. मग मी त्याला जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. शेजारच्या रिक्षावाल्यानं विचारलं, कोणाला बोलताय? गाडीत मी एकटाच.

तिथून सरळ मेस्त्रीकडं. याचं गॅरेज म्हणजे पत्र्याखाली तीन गाड्या आणि एक रेडिओ. रेडिओ सोडून काही चालू नसतं. बोनेट उघडून आत न बघताच म्हणाला, नळी. रेडिएटरची खालची नळी चिरलीय, पाणी थेंब थेंब जातंय, बदलून टाका, आणि तोवर रोज सकाळी गाडी गार असताना पाणी बघत जा. मी विचारलं, न बघता कसं कळलं? म्हणाला, साहेब, या मॉडेलची नळीच जाते. म्हणजे यानं आधीच ठरवलेलं, माझी गाडी फक्त निमित्त. उद्या हाच म्हणेल या मॉडेलचा मालकच वेडा असतो. मी म्हटलं, फक्त पाणी भर, नळीचं बघू. तो म्हणाला, बघू म्हणणाऱ्याला घाट बघून घेतो. लोकांना हल्ली म्हणी करायची फार हौस.

नळी बदलणार नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.

१२ एप्रिल, रविवार

गाडीबरोबर आलेलं माहितीपुस्तक वाचलं. काट्यावर अख्खं पान आहे. ठळक अक्षरात लिहिलंय, काटा एच कडे गेल्यास गाडी थांबवा. ते वाचलं. खाली बारीक अक्षरात बऱ्याच टिपा आहेत. त्या सोडल्या. बारीक अक्षर वकिलांसाठी असतं.

निष्कर्ष: वर वाईट. म्हणजे खाली चांगलं. पुस्तक माझ्याच बाजूचं आहे. साडूला फोन करून हे सांगितलं. तो म्हणाला, दादा, मध्यावर. मी म्हटलं, मध्यावर मध्यावर काय लावलंयस, रस्त्याच्या मध्यावर कोण झोपतं? फोन त्यानं ठेवला की मी, यावर आमच्या दोघांचं एकमत होणार नाही.

१४ एप्रिल

उपाय सुरू.

गाडी सावलीत लावतो. उतारावर इंजिन बंद करून सोडतो. (ब्रेक फार जड होतात. पायाला व्यायाम.) एसी अजिबात नाही. बोनेटवर ओलं पोतं पसरतो. सोसायटीचा वॉचमन विचारत होता, आत काही उगवायला घातलंय का. त्याला मी नियमांची आठवण करून दिली. कुठले नियम, हे तोही विचारीना, मीही सांगेना.

आणि गाडीशी शांतपणे बोलायचं ठरवलंय. सकाळी बोललो. हिला वाटलं तिला काहीतरी गोड बोलतोय. बाल्कनीत आली, बघितलं, आत गेली.

१७ एप्रिल

मेस्त्रीचा खून करायला हवा. लोकशाही आहे म्हणून थांबलोय.

पाणी बघ म्हणाला होता ना? बघितलं. ऑफिसातून आलो, काटा मध्याच्या वर, म्हटलं आत्ताच बघावं. रेडिएटरचं झाकण फिरवलं आणि आतून वाफेचा असा फवारा आला की मी थेट वॉचमनच्या खुर्चीपाशी. उजव्या हाताची सालं निघाली. तो म्हणाला गार असताना बघा, हे खरं. पण गार असताना बघायचं म्हणजे सकाळी, आणि सकाळी मला वेळ नसतो. तपशील बाजूला. मूळ सल्ला त्याचा.

हिनं मलम लावून पट्टी बांधली. बांधताना एकसारखी बोलत होती: तापलेलं झाकण उघडतात का, वॉर्डबॉयलासुद्धा कळतं, डोळ्यात गेलं असतं तर, त्या नळीचं बघा, हट्ट सोडा. मी म्हटलं, तू पेशंटशी अशीच बोलतेस का? म्हणाली, पेशंट ऐकतात.

संकल्प: ज्या भांड्यानं मला पोळलं त्याचं तोंड पुन्हा बघणार नाही. झाकण कायमचं बंद.

२१ एप्रिल

जिंकलो!

सकाळी गाडी काढली, मंडईला जाऊन आलो, वाटेत किराणा, पेट्रोल. काटा मध्याकडं थोडा सरकल्यासारखा झाला, मग स्वतःच खाली आला आणि सी वर टेकला. शेवटपर्यंत तिथंच. हूं नाही की चूं नाही. मी आणखी दोन फेऱ्या मारल्या, मुद्दाम चढावावरून नेली. सी. ओलं पोतं नव्हतं, सावली नव्हती, नळी तीच. नुसता स्वभाव. गाडी शेवटी मालकावर जाते.

साडूला फोन. म्हटलं, तुझ्या हातात आयुष्यभर मध्यावर, माझ्या हातात अडीच आठवड्यांत सी वर. तो म्हणाला, दादा, पाणी बघितलं का? जळतात लोक. जळो. माझी गाडी गार आहे.

२२ एप्रिल

रात्रीचं जेवण होईपर्यंत हिच्यापाशी काट्याचा विषय काढला नव्हता, म्हटलं स्वतः विचारेल. विचारलं नाही, तेव्हा सांगितलं. तिनं ताट बाजूला ठेवलं. म्हणाली, खाली आला? पाणी न भरता? मग उठून ते माहितीपुस्तक घेऊन आली. हिनं कधी वाचलं कोण जाणे. खालच्या बारीक टिपा मोठ्यानं वाचून दाखवायला लागली. त्यात म्हणे असं आहे की काटा इंजिनाची गरमी मोजत नाही, आतल्या पाण्याची मोजतो. पाणीच उरलं नाही तर मोजायला काही नाही, म्हणून काटा खाली पडून राहतो, आणि इंजिन आतून जळत असतं.

मी म्हटलं, असं कुठं असतं का. जळणारी वस्तू थंड कशी दाखवेल?

तर म्हणाली, वॉर्डात रोज बघते. ताप उतरणं वेगळं आणि अंग गार पडणं वेगळं. नातेवाईक दोन्हीला सारखेच खूश होतात.

मी म्हटलं, माझी गाडी म्हणजे तुझा वॉर्ड नाही. ती म्हणाली, मेस्त्रीला दाखवा. मी म्हटलं, मेस्त्रीचं नाव काढू नकोस, आणि हा हात मिरवला. मग विषय गाडीवरून घसरला तो नेहमीच्या वाटेनं गेला. तुम्ही माझ्याबरोबर येणार की नाही, हे तिनं पुन्हा विचारलं. निवडीपासून हे तिसऱ्यांदा. म्हणाली, एकदा नीट सांगा, तिथं दोघांना पुरेल एवढं घर आहे. मी नीटच सांगितलं. जरा जास्तच नीट सांगितलं असावं, कारण खालच्या मजल्यावरून काठी आपटल्याचा आवाज आला. म्हटलं, बायकोच्या क्वार्टरमध्ये मी मेट्रनबाईंचा नवरा म्हणून दारात बसू का, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या चपला मोजत?

तिनं ताटं उचलली.

२५ एप्रिल

घरात विलक्षण शांतता. तीन दिवसांत एकही वाद नाही. पंख्याचा करकर आवाज येतो तेवढाच. (आमच्याच कंपनीचा.) काल मुद्दाम ओला टॉवेल गादीवर टाकून बघितला. तिनं उचलून दोरीवर टाकला. शब्द नाही. पूर्वी या एका टॉवेलवर अर्धा तास जायचा.

माझ्या स्वभावाचा परिणाम घरावर होतोय, गाडीवर झाला तसा.

२९ एप्रिल

बरेच दिवस हिनं माझं बीपी घेतलेलं नाही. यंत्र कपाटावर पडून आहे. म्हणजे सुधारलं असणार, नाहीतर घेतलं नसतं का?

काटा सी वर. मंडई आणि ऑफिस एवढंच चालवतो, उगाच दमवत नाही.

३ मे

ही सामान भरतेय. एकच बॅग, तीही छोटी. मी म्हटलं, डिकी रिकामी आहे, मोठी घे, उशी घे, तुझी आवडती कढई घे. म्हणाली, नको, मला एकटीला उचलता यायला हवी. मी म्हटलं, उचलायला मी आहे की. त्यावर हसली. छान हसली, पण दुसऱ्याच कोणाच्या तरी बोलण्यावर हसल्यासारखी.

स्वयंपाकघरात मला बोलावून डबे दाखवले: तांदूळ हा, डाळ ही, मीठ हे, सोडा हा, दोन्हीत गोंधळ करू नका. मी म्हटलं, पाच दिवसांचा तर प्रश्न, शनिवारी तू येतेसच. ती म्हणाली, हं.

६ मे

लेकीचा फोन. दुसऱ्या शहरात नोकरीला असते. आईशी तासभर बोलते आणि माझी तब्येत विचारून ठेवते. आज उलट झालं, मलाच धरून बसली. बाबा, आईला काय झालंय? मी म्हटलं, काही नाही, मजेत आहे, एकदम शांत. ती म्हणाली, तेच विचारतेय, एवढी शांत कशानं झाली? मी तुमच्याबद्दलच्या तक्रारी सांगितल्या तरी तिनं तुमची बाजू घेतली नाही की तुम्हाला शिव्या घातल्या नाहीत, नुसतं हं म्हणाली.

मी म्हटलं, तुम्हाला शांत बाई बघवत नाही हा तुमच्या पिढीचा दोष. लेक म्हणाली, तुम्ही तिच्याबरोबर जा बाबा. सल्लागार झालेत सगळे.

१० मे

उद्या निघायचं. तयारी: काच पुसली. टायरमध्ये हवा. आरशाला लिंबू लावावं असं वॉचमनचं म्हणणं, मी अंधश्रद्धाळू नाही, पण लावलं.

पेट्रोल भरायला गेलो तर मेस्त्री तिथंच. उद्या घाट ना साहेब, थांबा, पाच मिनिटांत पाणी बघतो. मी पट्टी काढलेला हात त्याला दाखवला आणि म्हटलं, हे बघ तुझं पाणी. मग काटा दाखवला. तो वाकून काट्याकडं बघत राहिला. गाडी किती वेळ चालू आहे म्हणाला. मी म्हटलं, बराच. त्याचा चेहरा पडला. गिऱ्हाईक सुटलं की पडतोच.

ही विचारत होती की उद्या सकाळी सहाची वेळ नक्की ना. सहाची बस पण याच रस्त्यानं जाते, असं काहीतरी म्हणाली. मी म्हटलं, बसच्या आधी पोचू. शर्यत लावतेस?

११ मे, सकाळी

सहाला पाच कमी. काटा सी वर. ही मागच्या सीटवर बॅग मांडीवर घेऊन बसलीय. म्हटलं, डिकीत ठेव. म्हणाली, असू दे. निघतो.

११ मे, घाटात

झाडाखाली दगडावर बसून लिहितोय. डॉक्टर म्हणाला होता राग आला की लिहा. आला नाही, पण दुसरं करण्यासारखंही काही नाही.

पायथ्यापर्यंत उत्तम. घाट सुरू झाला, तिसऱ्या वळणावर ही म्हणाली, जळल्याचा वास येतोय. मी म्हटलं, बाहेरचा. पुढचं वळण. म्हणाली, आतून टकटक होतंय. मी काट्याकडं बोट केलं. सी. मी म्हटलं, तुझं नाक खरं की हे यंत्र खरं? एवढ्यात मिक्सरमध्ये चमचा पडावा तसा आवाज झाला आणि गाडी जागच्या जागी थांबली. किल्ली फिरवली, टक्. पुन्हा फिरवली, टकसुद्धा नाही. बोनेटच्या फटीतून उष्ण हवा अशी येत होती की समोरचा रस्ता थरथरताना दिसत होता. आणि काटा सी वर. शेवटपर्यंत सी वर! मी त्या काचेवर मूठ मारली. काच फुटली नाही. मूठ दुखतेय.

खाली उतरून मी जे बोललो ते सगळ्या घाटानं ऐकलं. साडू, मेस्त्री, गाडी बनवणारे, काटा बनवणारे, घाट खणणारे, कोणालाही सोडलं नाही. हिच्यासाठीसुद्धा उत्तरं तयार ठेवली होती. ती म्हणेल, मी सांगितलं नव्हतं का, त्यावर एक. ती म्हणेल, माझी नोकरी गेली. त्यावर दुसरं, जरा मोठं. ती म्हणेल, आयुष्यभर असंच. त्यावर तर भाषणच.

एकही उपयोगी पडलं नाही. ती बॅग घेऊन उतरली, साडीचा पदर खोचला आणि वळणावर जाऊन उभी राहिली. थोड्या वेळानं बस आली. तिनं हात केला, बस थांबली. चढायच्या आधी मागं येऊन मला एवढंच म्हणाली, बोनेटला हात लावू नका, पुन्हा भाजेल. आणि पाण्याची बाटली माझ्या हातात दिली. म्हणाली, ही गाडीत ओतू नका, प्या.

मी विचारलं, शनिवारी कितीला येऊ? बसचा दरवाजा लागला होता.

११ मे, संध्याकाळी

टेम्पोला दोर बांधून गाडी परत. अख्ख्या रस्त्यावर लोक बघत होते. हिचा मेसेज आला: साडेअकराला रुजू झाले. दोन शब्द जास्त असते तर रागावून उत्तर देता आलं असतं.

१२ मे

मेस्त्रीनं गाडी खोलली. गार झालेलं झाकण उघडून आत बोट घातलं आणि बोट मला दाखवलं. कोरडं ठणठणीत. इंजिन आतून चिकटून बसलंय म्हणाला, खल्लास. पाणी शेवटचं कधी बघितलं होतं? मी म्हटलं, काटा सी वर होता. तो म्हणाला, मग काटाच न्यायचा होता ना घाटात, गाडी कशाला नेलीत.

मी म्हटलं, आता पाणी भरून बघ. म्हणाला, आता गंगा आणून ओतलीत तरी धुराशिवाय काही निघायचं नाही. मग रेडिओ मोठा केला. त्या रेडिओवर माझा पहिल्यापासून राग आहे.

साडूचा फोन आला. मी उचलला, म्हटलं आता हा दात काढणार. तर विचारतो, दादा, तुम्ही जेवलात का? हा माणूस एवढा साळसूद कधीपासून झाला? ठरवून चाललंय सगळ्यांचं.

१५ मे

साहेबांनी बोलावलं. म्हटलं बढती. खोलीत तीन डीलर बसलेले. त्यांनी आमचे पंखे ठेवणंच बंद केलंय. म्हणे गिऱ्हाईक फोन करून थकलं, आता दुसऱ्या कंपनीचे मागतं. साहेबांनी तक्ता माझ्यापुढं धरला: तक्रारी शून्य, विक्रीपण शून्याकडं. शून्य दिसलं तेव्हा तुम्हाला काळजी वाटली नाही का, असं विचारलं. मी म्हटलं, नाही, बरं वाटलं. सगळे माझ्याकडं बघत राहिले.

स्टोअररूमची कडी काढून फोन परत टेबलावर आणला. दिवसभर त्याच्यासमोर बसलो. वाजला नाही.

१६ मे, शनिवार

तिला म्हटलं होतं आणायला येतो. गाडी नाही, तेव्हा येतो कसला. तिनंही विचारलं नाही कुठं अडकलात. भातात मिठाऐवजी सोडा पडला. फुगला छान.

१८ मे

सकाळी कपाटावरून ते बीपीचं यंत्र काढलं. इथंच ठेवून गेली. पट्टा दंडाला गुंडाळला, फुगा दाबला. दाबतोय, दाबतोय, काटा शून्यावरून हलत नाही. महिन्यापूर्वी असतो तर पेढे वाटले असते. आज घाम फुटला. पुन्हा दाबला. शून्य.

तिला फोन केला. वाटलं, यंत्राला हात कोणी लावायला सांगितला म्हणून खडसावेल. सकाळी सकाळी ड्यूटीवर फोन का केला म्हणून खडसावेल. खडसावण्यासारखं निदान चारपाच गोष्टींत होतं. पण तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, अच्छा. जेवण वेळेवर घ्या. जास्त त्रास वाटला तर जवळच्या डॉक्टरांना दाखवा. पेशंटच्या नातेवाइकाशी बोलतात तशा आवाजात. मी म्हटलं, भातात सोडा घातला परवा. ती म्हणाली, असं का. बरं, ठेवते, राउंड आहे.

असं का! इतकी वर्षं संसार केला, या बाईनं सोड्याला कधी ‘असं का’ म्हटलं नव्हतं.

हे काही ठीक लक्षण नाही. एवढं आता मला कळतं.

यंत्राची रबरी नळी चिरलेली दिसतेय, हवा तिथूनच जात असावी. इथं कोणाकडं दाखवायची? हे मेस्त्री लोक असलं काम घेत नाहीत. उद्या सहाच्या बसनं जाऊन तिलाच दाखवतो. रजा टाकली. किती दिवसांची, तो रकाना कोरा ठेवलाय. छोटी बॅग घेतली, उशी घेतली, आणि तिची ती कढई घेतली. कढई कशाला आणली म्हणून ओरडेल.

ओरडली तर बरं.